विजयदुर्गचा हेलियम आपल्या डोक्यावरही आहे!

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्यप्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. तीच पुढे हेलियमची ठरली. त्या ग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. पण हा वायू फक्त सूर्यावर नाही, आपल्या आभाळातही आहे.

त्याचा मालवणच्या मच्छीमाराशी काय संबंध? मासे कुठे मिळतील, याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था देते. त्यासाठी ७०० किलोमीटरहून उंच फिरणारे ओशनसॅटसारखे उपग्रह समुद्राचा रंग टिपतात. तिथेही अतिविरळ हवा असते, त्यात हेलियमही. ही हवा उपग्रहाची ऊर्जा हळूहळू कमी करते आणि तो खाली येऊ लागतो.

किती खाली? हे काढायला ‘एमसिस’सारखी संगणकीय प्रारूपे असतात. तारीख, वेळ, ठिकाण, उंची आणि सूर्याची सक्रियता सांगितली की ती तिथले तापमान, घनता आणि कोणता वायू किती, हे सांगतात.

सौर वादळात ही हवा तापून फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ पैकी जवळपास ४० नवे उपग्रह त्यामुळेच गमावले गेले. अशाच वेळी प्रारूपांचा अंदाज जास्त चुकतो. तो सुधारायचा तर मोजमापे वाढली पाहिजेत आणि ती करणारी मुलेही घडली पाहिजेत.

‘एमसिस’ मोफत मिळते, शाळेच्या साध्या संगणकावरही चालते. म्हणून हेलियम दिनी भाषणे थोडी कमी करू. सिंधुदुर्गातल्या मुलांना विजयदुर्गच्या वरच्या हवेचा हिशेब स्वतः करू द्या.