बेटावर शेगडी कशाला?

मार्च लागला की वर्तमानपत्रांत टूर कंपन्यांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली निळंभोर पाणी आणि कठड्याला टेकून उभी असलेली एक हसरी बाई. माल्टा, सायप्रस ही नावंही आता आपल्याला पाठ झाली आहेत. आमच्या महिला मंडळात अशी एक जाहिरात हातोहात फिरली, तेव्हा एकजण पटकन म्हणाली, ‘‘ह्या बाईनं आज सकाळी कुणाला चहा करून दिला नसणार बघा!’’ सगळ्या खो खो हसल्या. गंमत अशी, की तिला त्या बाईच्या समुद्राचा हेवा वाटला नाही, तिच्या पांढऱ्या घराचाही नाही. हेवा वाटला तो न केलेल्या चहाचा.

भूमध्य समुद्र आपल्यापासून फार लांब आहे, आणि खिशापासून त्याहून लांब. पण कोल्हापूरकरांना बेट हवं असेल तर ते दीडशेएक किलोमीटरवर आहे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत चारेक तासांत मालवण. धक्क्यावरून होडीत बसलं, की दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. मित्रमंडळींची चार कुटुंबं, दोन गाड्या, शनिवार-रविवार आणि जोडून आलेली एखादी सुट्टी, अशी सहल आपल्याकडे आता घरोघरी होते. आमचीही होते. आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे तीन मित्र, त्यांच्या बायका, सगळ्यांची मिळून सहा पोरं आणि असल्याच तर एखाद्या सासूबाई.

या सहलींबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

सहल ठरते पुरुषांच्या फोनवर. ‘‘शनिवारी पहाटे निघायचं रे!’’ एवढं बोलून त्यांची तयारी संपते. मग आपली सुरू होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, लाडू, पोरांची औषधं, टॉवेल, जादाचे कपडे. इथवर ठीक आहे, प्रवासाला एवढं लागतंच. पण त्यापुढे छोटा सिलिंडर येतो, शेगडी येते, मोठं पातेलं येतं, वाटून ठेवलेला मसाला येतो, कारण समुद्राच्या वाळूत बसून तांबडा-पांढरा प्यायची हौस कुणाला तरी आलेली असते. ‘‘खर्चही वाचतो आणि घरची चवही मिळते, काय वहिनी?’’ असं म्हटलं की वहिनी काय बोलणार? चार वहिन्या मिळून अंगणात कांदा चिरत बसतात. समोर माडाच्या झावळ्यांतून समुद्र दिसत असतो. तोही नीट दिसत नाही, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलेलं असतं.

दोन दिवसांच्या सहलीत चार-पाच जेवणं, तेवढेच चहा आणि दोन नाश्ते येतात. चौदा-पंधरा माणसांचं हे सगळं हातानं करायचं म्हटलं तर बाईच्या वाट्याला समुद्र किती तास येतो, ते तुम्हीच मोजा. सोमवारी सकाळी पुरुष ‘फ्रेश’ होऊन कामावर जातात आणि आपण वाळूनं भरलेले कपडे भिजत घालून कंबर धरून बसतो.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, अगं पण चौघींनी मिळून स्वयंपाक करण्यात मजा येते. येते की! मलाही येते. गप्पा मारत, चिडवत, गाणी म्हणत एखादं संध्याकाळचं जेवण रांधायला माझी ना नाही. मात्र त्या रात्री भांडी पुरुषांनी घासायची, ही अट घालून बघा. मजेतली मजा किती टिकते ते लगेच कळेल.

आता ‘खर्च वाचतो’ या मुद्द्याकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल. बचत गटांचं काम करते म्हणून असेल, पण हा वाचलेला पैसा नेमका कुणाचा वाचतो आणि कुणाचा बुडतो, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. तारकर्ली-देवबागला आपण उतरतो ती बरीचशी घरगुती ठिकाणं असतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांखालची घरं. पाटीवर नाव घरधन्याचं असतं. पण पहाटे उठून घावणे घालणारी, बांगड्याला मीठ-हळद लावणारी, तिरफळ घातलेलं सार करणारी आणि सोलकढीसाठी नारळ खवणारी त्या घरातली बाई असते. अशाच एका घरातल्या वहिनींशी मागच्या वेळी बोलत बसले होते. खोलीच्या भाड्यातून काय उरतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, भाडं लाइटबिल, रंगरंगोटी आणि दुरुस्तीतच जातं. हातात काय पडतं ते जेवणावर. पावसाळ्याचे चार महिने तर धंदा जवळजवळ बंदच. आणि जेवणाचे पैसे बहुतेक वेळा थेट त्यांच्या हातात येतात, भाडं मात्र घरधन्याकडे जातं.

हे ऐकल्यावर आपली शेगडी तिच्या अंगणात मांडायची म्हणजे काय, याचा विचार करा. आपण चौघी फुकट राबणार आणि ती पाचवी बिनकामाची बसणार. माशाच्या एका ताटाला माणशी तीनशे-चारशे रुपये जातात, पोरांना कमी. जास्त वाटतात? गाडीच्या डिझेलला आणि बाटल्यांना किती गेले, ते एकदा विचारा. तिथं कुणी घासाघीस केलेली मी अजून पाहिली नाही. जेवणाचे पैसे काढायची वेळ आली की मात्र बायकोचा हात फुकटचा असतो, हे सगळ्यांना एकदम आठवतं.

ह्या धंद्यात बायका नुसत्या चुलीपाशीच आहेत असंही नाही. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला नेतात. होडी त्याच वल्हवतात, झाडांची माहितीही त्याच सांगतात. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज काही मर्यादेत परत देण्याची तरतूद त्यात आहे. योजना कागदावर चांगली आहे. पण गिऱ्हाईकच घरून मसाला वाटून यायला लागलं तर कुठल्याही योजनेनं त्या बाईचं काय भलं होणार?

दुसरी गोष्ट पाण्याची. पुरुष आणि पोरं लाटांत, आणि आपण काठावर चपला, मोबाईल अन् चष्मे सांभाळत उभ्या. साडी भिजेल, ड्रेस अंगाला चिकटेल, लोक बघतील. अहो, काळपट सुती सलवार-कमीज घाला आणि शिरा की गुडघाभर पाण्यात! मात्र गुडघाभरच. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या आणि त्याचे पट्टे नीट बांधा. साडीवर ते कसं दिसतं याची लाज नको. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठजण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले. स्थानिक माणूस ‘आज पाण्यात नको’ म्हणाला की तिथं आपल्या पुरुषांची मर्दुमकी चालू द्यायची नाही, मग कुणी रुसलं तरी चालेल.

किल्ल्याबद्दल सांगायचं राहिलंच. सिंधुदुर्गाचं काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं आणि ते १६६७ मध्ये पुरं झालं. तटबंदी नागमोडी आहे, सुमारे तीन किलोमीटरची. महाराजांचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले त्यांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात. पण माझ्या सासूबाईंचा जीव अडकला तो विहिरींत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! कागलकडच्या खेड्यात डोक्यावरून पाणी वाहण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. तटापेक्षा आणि बुरुजापेक्षा त्यांना पाण्याचं नवल जास्त. ‘‘आधी पाणी बघितलं आसंल, मग किल्ला बांधला आसंल,’’ असं म्हणून त्या काठावर ओणव्या होऊन बराच वेळ आत बघत राहिल्या. होडीवाल्यानं तासाभराची वेळ दिली होती. ती संपत आली तरी त्या हलेनात.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरच्या बायकांना तरी ठाऊक असायला हवी. हा किल्ला पुढे आपल्या करवीर गादीकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि नंतर करार करून परत दिला. त्या काळात कोल्हापूरचा कारभार चालवत होत्या महाराणी जिजाबाई, दुसऱ्या संभाजी महाराजांच्या राणीसाहेब. महाराज वारल्यावर १७७३ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्यांनी राज्य सांभाळलं. मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले ते १८१२ मध्ये. पोरांना गडावर नेताना एवढं सांगितलं तरी पुष्कळ आहे. गाइडच्या तोंडी जिजाबाईंचं नाव मला ऐकायला मिळालं नाही.

सासूबाईंचं वय बहात्तर. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मल्या, इथंच नांदल्या आणि चार तासांवरचा समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. पंढरपूर त्यांनी किती वेळा केलं असेल, गणती नाही. जोतिबा, नरसोबाची वाडी, गोंदवलं, तुळजापूर सगळं झालंय. लेकींची बाळंतपणं, भावकीतली लग्नं, सुतकं, सगळीकडे जाऊन आल्या. म्हणजे बाई घरातून निघत नव्हती असं नाही. निघायला निमित्त लागत होतं. देव तरी पाहिजे, नाहीतर कुणाच्या घरचं काम तरी पाहिजे. नुसतं बरं वाटावं म्हणून, नुसतं बघायचं म्हणून जायचं, हे बाईच्या हिशेबात कधी धरलंच गेलं नाही. आजही आपण सहलीला शेगडी बरोबर घेतो, ती मला वाटतं याच जुन्या सवयीतून. रिकाम्या हातानं मौज करायला आपल्यालाच कुठंतरी अवघडल्यासारखं होतं. काम बरोबर नेलं की मग जायला हरकत नाही!

मागच्या दोन सहलींपासून आमच्या चौघींनी काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. सहलीचा सामायिक पैसा पुरुषांकडे राहत नाही, आमच्यातली एक तो सांभाळते. घरून येतो तो कोरडा खाऊ, बाकी जेवण जिथं उतरू तिथल्या वहिनींचं. एक सकाळ पोरं बापांच्या ताब्यात आणि आम्ही मोकळ्या. पहिल्या वेळी थोडी कुरकुर झाली. ‘‘वहिनी, तुमच्या हातच्या पांढऱ्या रश्श्याची सर कशाला नाही,’’ वगैरे साखरपेरणीही झाली. पण सुरमई ताटात पडल्यावर रश्श्याची आठवण कुणी काढली नाही.

गाडी नाही, मित्रमंडळ नाही, त्या बायकांनी काय करायचं, असं कुणी विचारेल. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांचं तिकीट निम्मं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर एसटी फुकटच. आमच्या बचत गटानं गेल्या वर्षी सहलीची भिशी सुरू केली, महिना दोनशे रुपये. वर्षाला एकीचे चोवीसशे होतात. अर्ध्या तिकिटात जाणं-येणं, एका खोलीत चौघी-पाचजणी असा एक मुक्काम, चार जेवणं आणि होडी, हे त्यात बसतं. काटकसर करावी लागते, पण बसतं. यात धुणीभांडी करणाऱ्या आहेत, शिलाई मशीन चालवणाऱ्या आहेत, एक भाजी विकणारी आहे. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, म्हणून दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार धरला आहे. बारापैकी आठ जणींची नावं पक्की झाली. उरलेल्या चौघींच्या घरी ‘तिथं देव कुठला आहे?’ असं विचारलं गेलंय, म्हणून येत्या रविवारी आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी जाऊन येणार आहोत.