नालीचं तोंड आधी मोकळं करा

जुलै २०२३मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. असा पूर दरवर्षी येत नाही. आमच्या गावात मात्र दर मृगाला नाली घरात शिरते, आणि तिला फावडंच पुरतं.

मी गवंडी. यवतमाळची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मागे मुरूम न भरता उभी केलेली नालीची भिंत ती आत ढकलते. दोनचार वर्षांत विटा नालीत. त्यात रस्त्यावर रस्ता! जुनं काँक्रीट न खोदता नवा थर टाकतात, मग रस्ता उंच, घराचा ओटा खाली, आणि पाणी सरळ उंबरठ्यावर. पुढे नाल्याशी सिमेंटच्या पाइपात पऱ्हाटीच्या काड्या, पन्न्या, गाळ. ते तोंड बुजलेलं असताना वर कितीही नवी नाली बांधा, पाणी जाणार कुठे?

म्हणून दुरुस्ती नाल्यापासून सुरू करून गावाकडे आणावी. उतार मोजायला मोठं यंत्र नको, पाणी भरलेली पारदर्शक नळी चालते. रस्त्याच्या कामात जुना थर उखडण्याची अट लिहून घ्यावी. अडचण एवढीच, की फीत रस्त्याची कापतात. गाळ काढल्याचा फोटो कोण छापणार?

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या. तेव्हा मृगाला महिनाभर बाकी असतो आणि नालाही कोरडा असतो.