कासव बरं करायचं म्हणजे

कासव आजारी आहे हे कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कुत्रं कण्हतं, मांजर पलंगाखाली जाऊन बसतं. कासव मुळातच एका जागी बसलेलं! ते आणखी थोडं कमी हललं तर घरात कोणाच्या लक्षात येणार? त्यात आपल्याकडे लोक कासव आणतात ते वास्तूसाठी, नाहीतर 'काही मेंटेनन्स नाही रे त्याला' म्हणून. माझं मत नेमकं उलटं आहे. घरात पाळायच्या प्राण्यांत इतकं काटेकोर काम मागणारा दुसरा प्राणी मी तरी पाहिला नाही.

टीममधला एक मित्र दोन वर्षांसाठी ऑनसाइटला गेला आणि त्याचं कासव माझ्याकडे आलं. रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते, दुकानात नाण्याएवढं पिल्लू विकतात ते. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. आलं तेव्हा पापण्या सुजून डोळे मिटलेले, नाकातून बुडबुडे, आणि पाण्यात एका बाजूला कलंडून पोहत होतं. हे कलंडणं फुप्फुसाच्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे धड खोकूनही टाकता येत नाही. 'आम्ही कासव बघत नाही' हे दोनदा ऐकल्यावर तिसरे डॉक्टर भेटले. त्यांनी एक्स-रे काढला आणि इंजेक्शन सुरू केलं. तेही दर तिसऱ्या दिवशी एक, कारण या थंड रक्ताच्या शरीरातून औषध उतरायलाच तेवढा वेळ लागतो.

पण डॉक्टर म्हणाले, औषध निम्मंच काम करेल, बाकीचं टाकीने करायचंय. पुढचे काही दिवस वाचत बसल्यावर याचा अर्थ कळला. कासवाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या तापमानावर चालते. पुण्यात डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, मग नुसतं इंजेक्शन काय करणार? पाण्यात हीटर हवा, वर कोरडं बसायला जागा आणि तिथे तीसेक अंशांची ऊब हवी. हाडांना आणि कवचाला ऊन हवं, पण बंद खिडकीतून आलेलं चालत नाही. काच यूव्हीबी किरण अडवते. आणि बिचाऱ्याला इतके दिवस मिळत काय होतं, तर डब्यातली सुकी कोळंबी. त्यातून 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, श्वासमार्गाचं आतलं अस्तर बिघडतं आणि मग संसर्गाला दार उघडं. म्हणजे न्यूमोनिया हा नुसता एरर मेसेज होता, बग टाकीत होता!

असो. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, कोमट पाण्यात थोडा वेळ, बाकी दिवस कोरडं आणि उबदार. एक्सेलमध्ये नोंद. तीन आठवडे वजनाचा आकडा ढिम्म हलला नाही. आपल्या धंद्यात दोन दिवसांत निकाल दिसला नाही की लोक अप्रोच बदलतात. इथे तसं केलं तर जनावर जातं. एकविसाव्या दिवशी त्याने गांडुळाचा तुकडा ओढला, तेव्हा मी मीटिंगमध्ये म्यूटवर होतो म्हणून बरं :)

घाईने आणखी एक होतं, घरगुती डॉक्टरी. कृपा करून करू नका. गाई-कुत्र्यांना सर्रास देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं ठरतं. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कासव बरं झालं हे कळल्यावर मित्राचा निरोप आला, 'मस्त! आता सोडून दे कुठल्यातरी तलावात, पुण्य लागेल.' हा सल्ला मला आणखी पाच-सहा जणांनी दिला, सगळे शिकलेले. मी सोडलं नाही. हे कासव इथलं नाही, पण इथे जगू शकतं. इथल्या कासवांचं अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावतं, सोबत आजारही नेतं. युरोपियन युनियनने १९९७ मध्ये याची आयात बंद केली ती उगाच नाही. अमेरिकेत तर १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकता येत नाहीत, लहान मुलांना साल्मोनेलाची बाधा व्हायची म्हणून. (हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी.)

आता कुणी म्हणेल, मग आपलं देशी घ्यावं. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद झाला. तसं कुठे दिसलं तर वनखात्याला कळवायचं, घरी आणायचं नाही.

नीट सांभाळलं तर स्लायडर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे तुमच्या होम लोनएवढं. लोन घेताना आपण दहा ठिकाणी व्याजदर विचारतो, कासव मात्र सिग्नलला थांबल्यासारखं पाच मिनिटांत घेतो. दुकानात ते हिरवं पिल्लू आवडलं तर आधी एक फोन करा: आपल्या गावात कासव बघणारा डॉक्टर आहे का? नसेल तर पैसे देऊ नका, सरळ घरी या.