इंद्रजालाचा बाजार आणि मत्स्यावताराचे भक्त

महाकालेश्वराचे दर्शन आटोपून उज्जयिनीच्या देवास गेट बसस्थानकावर आम्ही परतीच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी बसलेल्या एका सज्जन यात्रिकांनी मोठ्या कौतुकाने आपली खरेदी आम्हांस दाखविली. काचेच्या चौकटीत बसविलेली ती एक काळसर, जाळीदार फांदी होती. नाव ‘इंद्रजाल’! दाराशी लाविली की दृष्ट लागत नाही आणि लक्ष्मी स्थिरावते, असे विकणाऱ्याने सांगितले होते. ही कशाची मुळी, असे आम्ही विचारिले. ‘दुर्मिळ रानमुळी,’ असे उत्तर आले. समुद्रकाठी वाढलेल्या आम्हांस हसावे की रडावे हेच कळेना.

वाचकहो, ही रानमुळी नव्हे, वनस्पतीही नव्हे. समुद्रतळी राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांनी मिळून रचिलेला हा सांगाडा आहे. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे ह्या नावांनी शास्त्र त्यांस ओळखते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली त्यांचा समावेश झाला. त्यांची खरेदी-विक्री हा कैदेस पात्र असा गुन्हा आहे. म्हणजे लक्ष्मी स्थिर करावयास निघालेला भाविक नकळत चोरीचा माल देवघरात आणतो!

कोणी म्हणेल, एका फांदीने समुद्र थोडाच ओस पडतो? परंतु समुद्रपंखे उपटणारी, तळ खरवडत जाणारी यांत्रिक जाळी मुशी, पाकट आणि कासवे ह्यांसही ओढून आणितात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक संशोधनाने दाखविले की, १९७० पासून महासागरातील मुशी-पाकटांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली. मुशी-पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती आज नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत आणि त्याचे मुख्य कारण अतिरेकी मासेमारी हेच आहे. मुशी उशिरा वयात येते आणि तिला पिले थोडी होतात. एकदा मोडलेला तिचा वंश सहजी सावरत नाही.

हे समुद्राचे गाऱ्हाणे उज्जयिनीस कशास, असे ज्यांस वाटेल त्यांनी पाण्याची वाट पाहावी. शिप्रा चंबळेस मिळते, चंबळ यमुनेस, यमुना गंगेस. त्या गंगेचेच नाव धारण करणारी एक मुशी आहे, तिला ‘गंगा शार्क’ म्हणतात. ती इतकी दुर्मिळ की, अनेक वर्षे तिची नोंदच नव्हती. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ससून गोदीत तिची अडीच मीटरांहून लांब अशी एक मादी आढळली, तीही मासळीच्या ढिगात! दोनच महिन्यांनी उज्जयिनीस सिंहस्थ भरला. लक्षावधी भाविकांनी शिप्रेत बुडी मारिली. गंगेच्या त्या लेकीसाठी त्यांपैकी कितीजणांनी हळहळ व्यक्त केली?

दोष कोळ्यांचा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून बाजार आहे. मोरीचा रस्सा चवीने भुरकणारे आम्ही कोकण-गोमंतकीय ह्या दोषातून मुक्त नाही, हे आम्ही प्रथम कबूल करितो. उलट कोळ्यांनी काय करून दाखविले ते पाहा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमुशीची सर्रास शिकार होत असे. २००१ साली तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे २००४ साली सुरू झालेल्या मोहिमेत मोरारीबापूंनी, ही बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे, असे सांगितले. ज्या हातांनी भाले फेकले, त्याच हातांनी महागडी जाळी कापून शेकडो देवमुशी समुद्रात परत सोडिल्या. कायद्याच्या कागदास जे साधले नाही, ते धर्माच्या एका शब्दाने साधले.

मग आमच्या देवस्थानांनी मौन का धरावे? मत्स्य आणि कूर्म हे ज्यांचे पहिले दोन अवतार, त्यांच्या भक्तांच्या दारी समुद्रजीवांचे सांगाडे टांगलेले असावेत, ही श्रद्धा नव्हे. ही श्रद्धेची विटंबना आहे. महाजनांनी आणि विश्वस्तांनी इंद्रजाल विकणाऱ्यास आवारात थारा देऊ नये आणि तसे फलक महाद्वारी लावावेत. पुरोहितांनी यजमानास स्पष्ट सांगावे की, ह्या वस्तूने पुण्य लाभत नाही. गृहिणींनी मोरीची लहान पिले बाजारात दिसताच पाठ फिरवावी.

२०२८ साली उज्जयिनीस पुन्हा सिंहस्थ भरणार आहे. देवास गेटवर उतरणाऱ्या यात्रिकाने शिप्रेचे तीर्थ खुशाल घरी न्यावे. ते तीर्थ ज्या समुद्रास अखेर मिळते, त्याची हाडे मात्र विकत घेऊ नयेत, इतकेच आमचे मागणे आहे.