बोरन्हाण : लूट कशाची करावी?

येत्या आठवड्यात संक्रांत. बाजारात सुगडे आली आहेत, दुकानांत काळी झबली टांगली आहेत आणि ज्या घरात या वर्षी पाळणा हलला तिथे हलव्याच्या दागिन्यांची चौकशी सुरू झाली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी लहान मुलाचे बोरन्हाण करायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. काही भागांत तिला नुसते 'लूट' म्हणतात. बाळाला पाटावर बसवायचे, औक्षण करायचे आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या, हलवा असे सारे मापाने ओतायचे. मग जमलेली पोरे त्यावर तुटून पडतात. बाळ कधी हसते, कधी भोकाड पसरते.

ही रीत मला आवडते. बोरन्हाण केल्याने मुलाला उन्हाळा बाधत नाही, असे जाणती माणसे सांगतात. त्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही, पण त्याने काही बिघडतही नाही. थंडीत शेतात जे पिकते ते मुलाला दाखवायचे, हाताळू द्यायचे आणि त्यानिमित्त शेजारपाजारची मुले घरात गोळा करायची, यात वाईट काय आहे? केक कापून मेणबत्त्या विझवण्यापेक्षा हे मला कधीही अधिक गोड वाटते. माझी तक्रार रीतीविषयी नाही. त्या मापात काय भरले जाते, एवढ्यापुरतीच ती आहे.

बोरन्हाण कोणत्या वयात करतात ते पाहा. पहिल्या संक्रांतीला सुरुवात करून पुढे पाच वर्षांपर्यंत. आणि श्वासनलिकेत खाण्याचा पदार्थ अडकण्याचे वय कोणते? तेच. त्यातही एक ते तीन वर्षांची मुले सर्वांत पुढे. ज्या वयाच्या मुलाला शेंगदाणा, हरभरा आणि खडीसाखरेसारखा टणक हलवा यांपासून दूर ठेवायचे, नेमक्या त्याच वयात आपण हे सारे त्याच्या डोक्यावर ओतून चहूबाजूंना पसरतो.

मुलाला समोरचे दात लवकर येतात. त्या दातांनी शेंगदाणा फोडता येतो, पण दळता येत नाही. दळायचे काम दाढांचे. पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास येतात, त्यांच्यामागच्या दाढा दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान, आणि नीट चावून गिळण्याची सवय लागायला त्यानंतरही काळ जातो. तोवर शेंगदाण्याची गुळगुळीत डाळिंबी जिभेवर फिरत राहते. अशा वेळी मूल हसले, रडले, दचकले किंवा धावता धावता त्याने मोठा श्वास घेतला, की ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत ओढली जाते. मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीइतकी जाड असते. आपल्या नातवाची करंगळी एकदा हातात घेऊन पाहा, म्हणजे शेंगदाणा तिथे किती जागा अडवेल ते समजेल.

हसणे, रडणे, दचकणे आणि धावणे या चारही गोष्टी बोरन्हाणात एकाच वेळी चालू असतात. पाटावरच्या बाळापेक्षाही मला काळजी वाटते ती त्याच्या अडीच-तीन वर्षांच्या आतेभावाची. तो लुटायला पुढे असतो, त्याचे दोन्ही खिसे भरलेले, तोंडही भरलेले, आणि मोठ्या मुलांनी ढकलले म्हणून तो ओरडतही असतो. घरातली मोठी माणसे त्या वेळी काय करत असतात? पूर्वी ती मुलांकडे बघत असत. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो आणि सगळे पडद्यावरच्या बाळाकडे बघत असतात. बाळाने तोंडात काय घातले ते फोटो घेणाऱ्याला दिसत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

शेंगदाणा अडकला तर दोन प्रकार होतात. तो वरच, घशाशी किंवा मुख्य नलिकेत बसला, तर मूल गुदमरते, आवाज बंद होतो, ओठ निळे पडतात. तिथे हातात काही मिनिटेच असतात. तो खाली उतरला तर मात्र गोष्ट फसवी होते. उजवी शाखा डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्याने तो बहुतेक वेळा उजवीकडे जातो. मुलाला जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, पाच-दहा मिनिटांत खोकला थांबतो आणि मूल पुन्हा खेळू लागते. घरच्यांना वाटते, सुटले. पण शेंगदाणा आतच असतो. तो ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने श्वासनलिकेचे अस्तर सुजते आणि काही दिवसांनी ताप, खोकला, घरघर सुरू होते.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझ्याकडे दोन वर्षांचा एक मुलगा आला. तीन आठवड्यांचा खोकला. दोन-तीन ठिकाणची औषधे झालेली, बालदम्याची वाफही देऊन झालेली. छाती तपासली तर डाव्या बाजूला श्वासाचा आवाज स्वच्छ, उजवीकडे जवळजवळ नाही. आईला विचारले, "हा कधी खाताना ठसकला होता का?" ती नाही म्हणाली. सोबत आलेली आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, शेजारच्या बाळाच्या लुटीत ठसकला होता. पण लगेच थांबलं हो." एवढ्या एका वाक्याने निदान झाले. मुलाला शहरात पाठवले. तिथे भूल देऊन दुर्बीण घातली आणि शेंगदाण्याचा अर्धा तुकडा निघाला. आठवड्याभरात मूल हुंदडू लागले.

आईला ती गोष्ट माहीतच नव्हती, कारण ती त्या वेळी आत हळदीकुंकवाच्या तयारीत होती. डॉक्टरांनाही कुणी सांगितले नव्हते. म्हणून सांगतो, खाताना ठसका लागला आणि नंतर खोकला सुरू झाला, तर मधे दोन दिवस गेलेले असोत की दोन आठवडे, ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा. क्ष-किरण चित्रात शेंगदाणा दिसत नाही. चित्र चांगले आले म्हणून शंका संपत नाही. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच बाजूला होत असेल तर हा विचार झालाच पाहिजे.

अडकलेली वस्तू दुर्बिणीच्या नळीने काढण्याचे तंत्र तसे जुने आहे. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियन या डॉक्टरने १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा असा बाहेर काढला. आज आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि मोठ्या शहरांत ही सोय आहे. पण तालुक्याच्या गावाहून तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि इतक्या लहान मुलाला भूल देणे ही सोपी गोष्ट नाही.

"आमच्या तीन पिढ्यांचं बोरन्हाण असंच झालं, कुणाला काही झालं नाही," असे मला हमखास ऐकवले जाते. ज्यांना काही झाले ती मुले हे सांगायला उरली नाहीत, असे उत्तर मी देत नाही, कारण सणाच्या तोंडावर ते कडू लागते. पण दुर्बीण गावापासून दूर होती त्या काळात महिनाभर खोकून गेलेल्या मुलाच्या छातीत काय होते, ते कोणी पाहिले होते?

मग मापात काय भरावे? झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या भराव्यात. त्या बाळाच्या डोक्याला लागत नाहीत, फोटोतही छान दिसतात. चुरमुरे आणि राजगिऱ्याच्या लाह्या त्यातल्या त्यात बऱ्या, कारण त्या लाळेत पटकन भिजतात. तरी वर्षाखालच्या बाळाच्या तोंडात त्याही जाऊ देऊ नयेत. बोरे, ऊस, घाटे आणि शेंगा सुगडात पूजेला असू द्याव्यात. जमलेल्या मुलांसाठी त्यांच्या लहान पिशव्या भरून जाताना आयांच्या हातात द्याव्यात. मुलांना लुटायचेच असेल तर मोठ्या मुलांची लूट वेगळ्या खोलीत करावी. अलीकडे मापात रंगीत गोळ्या, चॉकलेटे आणि जेलीचे छोटे कपही दिसतात. गोळ्या शेंगदाण्याच्याच पंक्तीतल्या. जेली तर त्याहून वाईट, ती घशाला चिकटून बसते आणि निघता निघत नाही.

कार्यक्रम संपल्यावर केर दोनदा काढा. दिवाणाखाली घरंगळलेला हरभऱ्याचा दाणा आपल्याला दिसत नाही, रांगणाऱ्या बाळाला मात्र तो तिसऱ्या दिवशी बरोबर सापडतो.

हलव्याविषयी थोडे. घरी हलवा करणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, मंद आचेवर ठेवायचा, वरून चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी सतत फिरवत राहायचे. थंडी चांगली असेल तर काटा सुरेख येतो, बोटे मात्र पोळतात. दोन-तीन दिवस असे बसण्याची चिकाटी ज्या आजीकडे आहे तिला माझा नमस्कार. तो हलवा बाळाच्या गळ्यात घालावा, फोटो काढावा आणि लगेच उतरवून ठेवावा. बाळ हार चघळू लागले की दाणे सुटतात. विकतच्या दागिन्यांत तर डिंक, तार, टिकल्या आणि चंदेरी कागदही असतो. दागिन्यांचा दोरा गळ्यात ठेवून बाळाला झोपवू नये, हे सांगायला नको.

याचा अर्थ बाळाने सणाचे काही खायचेच नाही, असा कुणी घेऊ नये. तीळ आणि शेंगदाणे उत्तम अन्न आहे, फक्त ते अख्खे नको. वर्ष उलटलेल्या मुलाला बारीक कुटलेल्या तिळाचा मऊ लाडू कुस्करून द्यावा. तुपात भिजवलेला गुळपोळीचा मधला भाग द्यावा. भोगीच्या भाजीतले गाजर आणि वांगे बोटांनी मोडून, भाकरी त्यात कालवून द्यावी. शेंगदाण्याचा बारीक कूट भाजीत घातलेला चालतो. कडक वडी आणि चिक्की पाच वर्षांनंतर. वर्षाखालच्या बाळाला गूळ-साखरेची गरज नाही, आणि कौतुकाने मध चाटवू नये, त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते.

एवढे करूनही घास अडकलाच तर काय करायचे? मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. त्याच्या खोकल्याइतका चांगला उपाय आपल्या हातात नाही. खोकला निघेनासा झाला, आवाज बंद झाला, तर एकाने १०८ क्रमांकाला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच हात चालवावा. वर्षाखालचे बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके छातीपेक्षा खाली ठेवा, जबडा धरा आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारा. तेवढ्याने निघाले नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा माराव्यात. मग मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून, पाच वेळा आत आणि वर असा झटका द्यावा. ही झटक्याची पद्धत हाइम्लिक या अमेरिकन सर्जनने १९७४ साली मांडली. वर्षाखालच्या बाळाचे पोट मात्र दाबायचे नाही. मूल बेशुद्ध झाले तर त्याला जमिनीवर उताणे ठेवून छातीचे दाब आणि तोंडाने श्वास सुरू करावेत. पोट दाबून तुकडा निघाला असला तरी मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवावे.

तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आणखी खाली जातो. दिसत असेल आणि सहज हाती लागत असेल तरच काढा. पाय धरून उलटे हलवू नका. पाणी, केळे, भाताचा गोळा भरवू नका.

हे वाचून हाताला येत नाही, करून पाहावे लागते. त्यासाठी संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखी जागा नाही. वीस-पंचवीस बायका, त्यांत आया, आज्या, मावश्या, म्हणजे गावातली लहान मुले ज्यांच्या हाती असतात त्या सगळ्याजणी एका खोलीत बसलेल्या असतात. आळीत एखादी परिचारिका किंवा आशाताई असेल तर तिला बोलवा आणि वाण देण्याआधी दहा मिनिटे मागून घ्या. घरातली बाहुली आणून ठेवा आणि प्रत्येकीला ती हातावर पालथी घेऊन थापा मारून पाहू द्या. पुरुषमंडळींनाही बाहेरच्या खोलीतून आत बोलवायला हरकत नाही. दुपारी नातवाला बागेत घेऊन जाणारे आजोबाच असतात आणि त्यांच्या खिशात फुटाण्यांची पुडी असते.