गाण्याला परवाना लागतो तेव्हा

सेन्सॉर म्हटले की हाती कात्री घेतलेला अधिकारी डोळ्यांपुढे येतो. चेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट राजवटीला त्या कात्रीची फारशी गरज भासली नाही. कलावंताचे पोटच तिच्या मुठीत होते.

ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या फौजांनी ‘मानवी चेहऱ्याच्या समाजवादा’चा प्रयोग रणगाड्यांखाली चिरडला. त्याच वर्षी प्रागमध्ये ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा रॉक वाद्यवृंद उभा राहिला. या लांबकेशी तरुणांना राजकारणात रस नव्हता. मनाजोगते संगीत वाजवावे, एवढीच त्यांची आकांक्षा. परंतु १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला आणि त्याबरोबर सरकारी मालकीची वाद्येही गेली. सभागृहे सरकारची, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्था सरकारच्या, नोकरी देणारेही सरकारच. दुसऱ्या दारावर थाप मारावी, तर दुसरे दारच नाही!

तरीही मित्रांच्या लग्नसमारंभांत, खेड्यांतील खानावळींत त्यांचे गाणे चालू राहिले. मार्च १९७६ मध्ये धरपकड झाली. सप्टेंबरमध्ये या वर्तुळातील चौघांना शिक्षा झाली : इव्हान यिरौस यांना १८ महिने, पाव्हेल झायिचेक यांना १२, तर स्वातोप्लुक कारासेक व व्रातिस्लाव ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी ८. आरोप राजद्रोहाचा नव्हे, गुंडगिरीचा!

या खटल्याने निरनिराळ्या विचारांची माणसे एकत्र आली. जानेवारी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सनद ७७’चे पहिले प्रवक्ते होते नाटककार व्हाक्लाव हावेल, तत्त्वज्ञ यान पातोच्का आणि १९६८ चे परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक. सरकारने स्वतःच मान्य केलेले मानवी हक्कांचे करार पाळावेत, एवढीच त्यांची मागणी होती. दोनच महिन्यांत, पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर, पातोच्का मृत्यू पावले.

भांडवलशाहीतही बाजार कलावंताला उपाशी ठेवतो, हे खरेच. पण म्हणून प्रागमधील अन्यायाकडे काणाडोळा करणे समाजवाद्यांना शोभत नाही. उत्पादनसाधने समाजाच्या मालकीची होणे वेगळे आणि ती एका पक्षाच्या ताब्यात जाणे वेगळे. स्वतंत्र कामगार संघटना, सहकारी संस्था, निर्भय न्यायालये व मोकळी वृत्तपत्रे नसतील, तर राष्ट्रीयीकरण नागरिकाला वेठबिगार करून सोडते. मग गवयाचा परवाना आणि गिरणी कामगाराची नोकरी एकाच सहीने जाते.

नोव्हेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली. तिच्यासाठी रस्त्यावर यायला कामगारही तयार नव्हते. सार्वजनिक मालकीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने म्हणून आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : परवाना नाकारला गेला, तर दाद कोणाकडे मागायची?