चालत्या माणसाला हाक मारू नका

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या माउलींनो, आषाढीला पंढरीची वाट धराल तेव्हा एक गोष्ट पाळा: म्हाताऱ्या माणसाची चाल मध्येच तोडू नका.

चालताना दर पावलाला सगळा भार क्षणभर एकाच पायावर असतो. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय यांच्याकडून येणाऱ्या खबरीवर लहान मेंदू तोल सांभाळत असतो. तरुणपणी हे आपसूक होतं; उतारवयात त्यासाठी लक्ष लागतं. तेवढ्यात मागून कुणी ओरडतं, "आज्जी, लवकर, ट्रक आला!" आज्जीची मान वळते, पण उचललेलं पाऊल पुढेच पडतं. माणसं पडतात ती अशी.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक साधी पाहणी छापली. वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालता चालता बोलतं केलं. १२ जण बोलायला थांबले. त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. थांबणं ही चूक नव्हे. चालायलाच सगळं लक्ष लागतंय, याची ती खूण. तुमच्या दिंडीत असं कुणी असेल तर त्यांना जपा.

टाळ-पखवाजाचा ठेका पायांना आधार देतो. कंपवाताच्या रुग्णांनाही ठेक्यावर चालायला शिकवतात. म्हणून थकल्या माणसांना टाळकऱ्यांच्या जवळ ठेवा आणि ठेका त्यांना झेपेल असा धरा.

फोन वाजला तर कडेला जा, उभे राहा, मग बोला. वळताना एका पायावर गर्रकन फिरू नका. तीन-चार लहान पावलांत वळा. विसाव्यावरून उठताना आधी बसून दम घ्या, मग उभे राहा. हुमनाबादहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग ओलांडायचा तर आधी थांबा, काय सांगायचं ते सांगून घ्या आणि म्हाताऱ्यांच्या शेजारून, हात धरून, न बोलता पलीकडे जा. साखरेचा आजार असलेल्यांच्या तळपायांना जाणीव कमी असू शकते. त्यांनी मुक्कामावर रोज तळवे बघावेत.

चालता चालता अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो थकवा समजू नका. लगेच १०८ ला फोन करा. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे हाच नंबर आहे.

दिंडीप्रमुखांनो, निघायच्या आदल्या संध्याकाळी हे सगळ्यांना सांगा. पोरांना तर दोनदा सांगा, कारण हाका तेच मारतात.